जुनी बांबूची फ्लाय रॉड मिळालीये, वापरू का भिंतीवर लावू?

ओढ्याकाठी (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

मी गेली तीन वर्षं फ्लाय फिशिंग करते (किड्यासारखी नकली माशी लाइनने फेकून मासे गरवणं), फक्त ट्राउटसाठी, आणि जास्त करून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांमध्ये, रॉस्को गावाच्या आसपास बीव्हरकिल आणि विलोविमॉक या दोन नद्यांवर. माझ्याकडे एकच रॉड (गरवायची काठी) आहे, ग्राफाइटची, 9 फुटी 5 वेट, म्हणजे 5 नंबरच्या लाइनसाठीची. आता झालंय असं की आमच्या शेजारच्या आजी (अमेरिकन आहेत, पण मी आजीच म्हणते) घर विकून मुलीकडे राहायला चालल्यात. त्यांचं गॅरेज आवरायला मी दोन शनिवार गेले होते तर वरच्या फळीवरून एक लांब अॅल्युमिनियमची नळी खाली आली. आजींनी ती हातात घेतली, झाकण फिरवलं, नाकाशी नेली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, तू नदीवर जातेस ना, मग ही तुझ्याकडे असू दे, माझा नवरा दर 1 एप्रिलला ही घेऊन पहाटे चारला निघायचा आणि मी थर्मास भरून द्यायचे.

नळीत कप्पे शिवलेली कापडी पिशवी आहे आणि तिच्यात बांबूची रॉड, तीन तुकड्यांची, टोकाचे तुकडे मात्र दोन, एक जादा. जोडली की 9 फूट भरते. एक टोक दुसऱ्यापेक्षा बरोबर तीन इंच आखूड आहे. वार्निशला बारीक बारीक भेगा पडल्यात, जुन्या चिनी मातीच्या बशीवर दिसतात ना तशा, आणि दोन ठिकाणी रिंगांचा रेशमी दोरा सुटायला आलाय. मधला तुकडा खालच्या तुकड्यात पूर्ण बसतच नाही, अर्धा इंच बाहेर राहतो, आणि मी जोर लावला नाहीये. मुठीच्या वर दांड्यावर सोनेरी अक्षरं आहेत, त्यातलं साउथ बेंड एवढं स्वच्छ वाचता येतं, पुढे 59 आहे असं वाटतं, आणि त्याच्या पुढे एचडीएच ऑर डी. सोबत रीळ आहे फ्लुगर मेडलिस्ट, 1494. त्याच्यावर जी लाइन, म्हणजे फेकायची दोरी, आहे ती इतकी चिकट झालीये की बोटांना गुळाच्या पाकासारखी तार येते.

इथल्या एका दुकानात घेऊन गेले तर काउंटरवरच्या माणसाने नळी उघडूनही बघितली नाही, म्हणाला भिंतीवर लावा छान दिसेल. मला त्याचं फार वाईट वाटलं. आजींनी मला ती भिंतीसाठी दिलेली नाहीये.

तर ही काठी किती भारी किंवा साधी आहे, ती अक्षरं काय सांगतात, वार्निश काढून नवीन मारू का, आणि मे महिन्यात बीव्हरकिलवर नेली तर मोडेल का? ज्यांनी बांबू हाताळलाय त्यांनी प्लीज सांगा.

डेलावेअरकाठचा (पेनसिल्व्हेनिया)

ताई, भिंतीवर अजिबात लावू नका. ही काठी गरवण्यासाठीच केलेली आहे आणि तुम्ही सांगताय त्यावरून ती अजून शाबूत आहे.

आधी किती भारी ते सांगतो म्हणजे मनातली भीती जाईल. बांबूच्या जगात एका टोकाला लेनर्ड, पेन, गॅरिसन ही नावं. हायरम लेनर्ड मेनमधल्या बँगोरचा, 1881 मध्ये तो कारखाना घेऊन न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल व्हॅलीला आला आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी पुढे आपापली दुकानं काढली, एड पेन त्यातलाच. गॅरिसन हा पेशाने इंजिनिअर, एकटा बसून काठ्या करायचा, आज त्याच्या एका काठीच्या पैशात बरी सेकंडहँड गाडी येईल. दुसऱ्या टोकाला मोठे कारखाने, माँटेग्यू, हॉरॉक्स इबटसन आणि तुमची साउथ बेंड, इंडियानातली. या कंपन्यांनी हजारोंनी काठ्या काढल्या आणि त्या हार्डवेअरच्या दुकानात, कॅटलॉगमधून, सामान्य नोकरदार माणसाला परवडेल अशा भावात गेल्या. तुमची 59 त्यातली, पण त्यातली चांगली. आज विकायला काढली तर शंभर ते दोनशे डॉलर, फार तर. म्हणजे नदीवर न्यायला घाबरायचं कारण नाही, आणि कुणी रिस्टोअर करून देतो म्हणून चारशे डॉलर मागितले तर तेही द्यायचं कारण नाही.

साधी म्हणून कमी लेखू नका हं. साउथ बेंडने क्रॉस नावाची एक नामांकित रॉड कंपनी विकत घेतली होती आणि तिच्याबरोबर वेस जॉर्डन हा माणूस त्यांच्याकडे आला. हाच जॉर्डन पुढे व्हरमाँटला ऑर्व्हिस कंपनीत गेला आणि बांबूच्या आत राळ मुरवून काठी पाण्याला पक्की करायची त्याची पद्धत, तिचं पेटंट 1950 चं. म्हणजे तुमच्या हातातल्या काठीमागे डोकं अव्वल माणसाचं होतं.

आता अक्षरं. ती लाइनची जाडी सांगतात. पूर्वी लाइन रेशमाची असायची, सगळ्यांचं रेशीम सारखंच, त्यामुळे जाडी सांगितली की वजन आपोआप कळायचं. ए म्हणजे 60 हजारांश इंच, बी 55, सी 50, असं दर अक्षराला 5 ने कमी, म्हणजे डी 45 आणि एच 25. एचडीएच म्हणजे दोन्ही टोकं एच आणि मधलं पोट डी, आपण आज डबल टेपर म्हणतो तेच. नुसता डी म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची लाइन. पुढे नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या लाइनी आल्या, त्या रेशमापेक्षा हलक्या, मग जाडीवरून काही कळेना, म्हणून 1961 मध्ये वजनाचे नंबर आले, पहिल्या 30 फुटांचं वजन धरायचं, 5 नंबर म्हणजे 140 ग्रेन, 6 नंबर म्हणजे 160. तुमच्या एचडीएचला आजची 6 नंबरची डबल टेपर लाइन घ्या. डोळे मिटून घ्या. वेट फॉरवर्ड (वजन पुढच्या टोकाकडे असलेली) नको, या काठीला लाइनचं पोट हवं असतं.

नेण्याआधी तपासणी करा. प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून नेम धरल्यासारखा बघा, वाक आला असेल तर दिसेल, थोडा असला तर चालतो. मग तुकडा कानाजवळ धरून हलकेच वाकवा आणि ऐका. टिकटिक किंवा चरचर आली तर कुठेतरी डिंक सुटलाय, मग थांबा आणि इथे लिहा. आवाज आला नाही तर काठी जिवंत आहे. सुटलेला दोरा मात्र आधी बांधून घ्या, त्याला दहा डॉलरचं सामान आणि एक संध्याकाळ पुरते.

पूर्ण न बसणाऱ्या जोडाबद्दल टूलरूमवाले दादा जास्त चांगलं सांगतील, त्यांची वाट बघा. तोवर तेल, ग्रीस, मेणबत्ती काही काही लावू नका.

टूलरूमवाला (मिशिगन)

आलो. डेलावेअरवाल्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, मी जोड आणि वार्निश या दोनच गोष्टींवर बोलतो कारण दुसऱ्या गोष्टीत मी स्वतः एक काठी घालवलीये आणि ते अजून मनातून जात नाही.

आधी जोड. भारी काठ्यांवर तो जर्मन सिल्व्हरचा असतो, हो तेच, आपल्याकडे ताटवाट्या असतात ते, तांबं जस्त निकेल. तुमच्यावर बहुधा मुलामा दिलेलं पितळ असेल. दोन्हीवर वर्षानुवर्षं पडून राहिलं की काळपट थर चढतो आणि हा जोड इतका नेमका टर्न केलेला असतो की एखाद्या हजारांशाचा थरसुद्धा त्याला अडवतो. तुम्ही जोर लावला नाहीत हे फार छान केलंत, कारण जोराने आत गेलेला जोड बाहेर येताना बांबूसकट येतो. रबिंग अल्कोहोल घ्या, कापसाची काडी बुडवून आतली नळी पुसा, काडी काळी होईल, दुसरी घ्या, स्वच्छ काडी येईपर्यंत पुसत राहा. बाहेरचा भाग मऊ कापडाने. मग बसवून बघा, थोडा आत जाईल, काढा, परत पुसा. एका बैठकीत करायची घाई नको. सँडपेपर अजिबात नको, धातू एकदा गेला की परत येत नाही आणि ढिला जोड घट्ट जोडापेक्षा वाईट. नीट बसलेला जोड ओढून काढला की बुच उघडल्यासारखा पॉक असा आवाज येतो, तो आला की समजा झालं.

घालताना आणि काढताना सरळ. पिळायचं नाही. रिंगा एका रेषेत आधीच धरायच्या आणि मग दाबायचं, बसल्यावर फिरवून रेष जुळवायला गेलात तर बांबूला पीळ बसतो.

आता वार्निश. काढू नका. कारण सांगतो, त्यासाठी काठी कशी होते ते बघावं लागेल. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात टोंकिन नावाने विकला जाणारा बांबू होतो, सरळसोट, पेरं लांब आणि गाठी चपट्या. तो उभा चिरून कामट्या काढायच्या, गाठी तापवून दाबून सरळ करायच्या, मग लोखंडी साच्याच्या खाचेत एकेक कामटी ठेवून रंधा मारत जायचं, 60 अंशांचा त्रिकोण होईपर्यंत. साच्याची खाच एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू निमुळती, स्क्रूने हजारांश इंचात सेट केलेली. कारखान्यात हे काम मशीन करायची पण हिशोब तोच. अशा सहा कामट्या एकत्र चिकटवल्या की षटकोनी भरीव काठी तयार. मी पिंपरीत टूलरूममध्ये 14 वर्षं काढली, तिथे एक हजारांशासाठी भांडणं व्हायची, पण ते पोलादात. इथे लोक गवतात ते करतात. बांबू गवतच ना शेवटी.

तर मुद्दा असा की बांबूचं सगळं बळ सालीलगतच्या तंतूंमध्ये असतं, आत जावं तसा तो पिठूळ होत जातो. म्हणून रंधा फक्त आतल्या दोन बाजूंना मारतात आणि बाहेरच्या बाजूला वरची चकाकी खरवडण्यापुरताच हात लावतात. मला सात वर्षांपूर्वी गराज सेलमध्ये हेडन कंपनीची एक काठी मिळाली होती, मिशिगनचीच, डोवाजॅक गावातली. मला वाटलं वार्निश खराब आहे, पेपर मारून काढू. मारला. छान गुळगुळीत झाली, कोपरे गोल झाले, मी खूष. तीन कोट वार्निश दिलं. ओ साबल नदीवर नेली तर काठी पहिल्या फेकीपासून मरगळलेली, आणि तिसऱ्या दिवशी टोकाचा तुकडा मधोमध मोडला. मोडलेल्या जागी मायक्रोमीटर लावला तर सहाही बाजूंवरून मी बळाचा थरच घासून टाकला होता. 70 वर्षं टिकलेली काठी मी एका रविवारी संपवली.

तुमच्या भेगा फक्त वार्निशमध्ये आहेत. मऊ कापडाने पुसा, वाटलं तर वर थोडं मोटारीला लावतात ते मेण. जिथे वार्निश उडून बांबू उघडा पडलाय तेवढ्याच ठिकाणी बोटाने स्पार वार्निशचा (पाण्याला टिकतं ते) थेंब पसरवा. बास.

आणि उन्हात बंद गाडीत नळी ठेवू नका, कधीच नाही. जुन्या काठ्यांत प्राण्यांच्या हाडाकातड्याचा सरस असायचा, आपल्या सुतारांकडे असायचा तोच, तो उष्णतेने आणि ओलीने सुटतो. तुमची त्यानंतरच्या डिंकाची असली तरी सवय तीच लावा.

मेळघाट (अमरावती)

मला फ्लाय फिशिंगचा अनुभव एकदाच, हिमाचलात तीर्थन नदीवर, तिथल्या गाइडने हातात काठी दिली आणि दोन दिवसांत एक इवलासा ब्राउन ट्राउट लागला. तिकडे कुल्लूत 1909 पासून ट्राउट आहेत असं कळलं, त्याआधी काश्मीरमध्ये विलायतेहून अंडी आणून सोडली होती. पण माझा प्रश्न बांबूबद्दल आहे कारण माझं कामच बांबूत आहे. हे सगळं चिनी बांबूतच का करतात? आपल्याकडच्या मानवेलात दम नाही का? तो तर जवळजवळ भरीव असतो, लाठ्या त्याच्याच.

टूलरूमवाला (मिशिगन)

@मेळघाट, दादा तुमच्या प्रश्नाने आनंद झाला कारण सुरुवातीला आपलाच बांबू होता! 19 व्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ज्या काठ्या झाल्या, पेनसिल्व्हेनियात ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका करणारा माणूस 1840 च्या दशकात कामट्या चिकटवून काठी करू लागला तिथपासून, त्यांचा बांबू कलकत्ता बंदरातून जायचा आणि त्याला कलकत्ता केनच म्हणायचे. जाणकार तो डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस धरतात, म्हणजे तुमचा मानवेलच. त्या जुन्या काठ्यांवर जळल्याचे काळे डाग असतात कारण तो बांबू भाजलेला यायचा, आणि आज ते डाग बघूनच काठी जुनी आहे हे ओळखतात. त्रास एवढाच होता की पेरं आखूड, गाठी जाड आणि ठळक, सरळ लांब कामटी निघायला मेहनत, आणि भाजताना तंतू कुठे जळलेत ते आधी कळायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोंकिन आला आणि सगळे तिकडे वळले. मग 1950 नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बंदच होता, तेवढ्यात फायबरग्लास आला आणि कारखान्यांनी बांबू सोडून दिला.

तुमच्याकडे लांब पेराचा जून मानवेल असला तर मला चार फूट कामटी पाठवायचं बघा ना, मी साचा लावून एक तुकडा करून बघतो, मनापासून सांगतोय.

डर्बीशरकर (इंग्लंड)

रिळावर कुणी बोललं नाही म्हणून मी लिहितो. मेडलिस्ट हे अमेरिकेतलं अगदी घराघरातलं रीळ, ओहायोत अॅक्रनला बनायचं, आणि बांबूवर शोभतं कारण त्याला वजन आहे. 9 फुटी बांबू पाच साडेपाच औंस भरते, ग्राफाइट त्याच्या निम्मी, त्यामुळे आजचं पिसासारखं रीळ लावलंत तर काठी पुढे झुकत राहील आणि तासाभरात मनगट दुखेल. रीळ उघडा, जुनं ग्रीस पुसून मधल्या दांड्यावर नवीन एक थेंब द्या, चिमट्याएवढी क्लिकची पट्टी असते तिला हलकासा हात द्या. मी स्वतः हार्डी परफेक्ट वापरतो, अॅनिकला बनलेलं, ते मॉडेल 1891 मध्ये आलं, आत खरे बॉल बेअरिंग, आणि मासा ओढायला लागला की जो आवाज येतो तो ऐकून पलीकडच्या काठावरचा माणूस मान वर करतो.

ती चिकट लाइन टाकून देऊ नका. ती रेशमाचीच असणार. रेशीम जवसाच्या तेलात मुरवलेलं असतं, ते तेल फुटून चिकट होतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तिला भिजत ठेवा, चिकटा निघून जाईल, मग साध्या पाण्यात खळबळून सावलीत दोरीवर पसरा आणि हातभर तुकडा ताणून बघा. तुटली तर आजींना आठवण म्हणून द्या, टिकली तर परत तेल पाजून वापरता येते. मी बेकवेलजवळ वाय नदीवर रेशमीच लाइन वापरतो. ती बारीक असते त्यामुळे वारा कापते आणि पाण्यावर उतरताना चाहूल देत नाही. पण तिची निगा लहान मुलासारखी, सकाळी चरबी लावायची, दुपारी जड होऊन बुडायला लागली की पुसून परत लावायची, घरी आल्यावर रिळावरून उतरवून वाळवायची. तुम्ही पहिल्या हंगामात ते करू नका, साधी 6 नंबर घ्या.

आणि फेकताना ग्राफाइट विसरा. ग्राफाइटवाले बांबू हातात घेतात आणि पहिली तक्रार करतात की ही आळशी आहे. आळशी नाही, ती खालपर्यंत वाकते म्हणून तिला परत यायला वेळ लागतो. मागची फेक पूर्ण उलगडू द्या, लाइन मागे सरळ झाली की मुठीत एक ओढ जाणवते, तेव्हाच पुढे या. 30 ते 40 फुटांच्या आत राहा. तिथे या काठ्यांच्या तोडीचं मला आजवर काही मिळालेलं नाही.

डेलावेअरकाठचा (पेनसिल्व्हेनिया)

आणखी दोन गोष्टी राहिल्या होत्या. माशी झुडपात किंवा तळाला अडकली तर काठीने झटके देऊ नका, काठी लाइनच्या सरळ रेषेत धरा आणि लाइन हाताने ओढा, माशी गेली तर जाऊ दे. आणि शिसं लावलेल्या जड माश्या या काठीवर नको, ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगतात त्या) आणि पाण्याखाली जाणाऱ्या हलक्या ओल्या माश्याच. मेच्या पहिल्या आठवड्यात जाताय तर हेन्ड्रिक्सन नावाचा किडा पाण्यातून निघेल, दुपारी दोन ते चार. 1916 साली रॉय स्टीनरॉडने त्याच्यासारखी नकली माशी तिथेच बांधली, अमेरिकन ड्राय फ्लायचा जनक मानतात त्या थिओडोर गॉर्डनचा शिष्य तो. त्या नद्यांवर ती माशी आणि बांबूची काठी हे एका घरातलंच समजा.

ओढ्याकाठी (न्यू जर्सी)

मंडळी, परवा जाऊन आले, सगळं सांगते.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. जोडाला चार संध्याकाळी लागल्या, एकवीस काड्या काळ्या झाल्या, आणि चौथ्या संध्याकाळी तो पॉक आवाज आला तेव्हा मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून बोलावून परत काढून दाखवला. तुकडे कानाशी धरून वाकवले, कुठेही टिकटिक नाही. सुटलेला दोरा बांधला. रेशमी लाइन सोड्यातून काढली तर पहिल्याच ताणाला तुटली, ती गुंडाळून ठेवलीये. 6 नंबरची डबल टेपर घेतली.

सकाळी नुसती फेकायची सवय केली, जंक्शन पूलच्या बऱ्याच वर, मोकळ्या जागी. पहिला तास वाईट गेला, लाइन माझ्या मागेच पडत होती. मग डर्बीशरकर दादांचं आठवलं आणि मी दर फेकीला मागे वळून बघायला लागले, लाइन सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि एकदा खरंच मुठीत ती ओढ लागली, कुणी मागून हलकेच पदर धरावा तशी, मी पुढे आले आणि लाइन एवढी सावकाश उलगडली की मला तिचं वेटोळं मोजता आलं असतं. त्यानंतर मान वळवावी लागली नाही, हाताला कळत होतं.

अडीचच्या सुमारास हेन्ड्रिक्सन यायला लागल्या, आधी एकदोन, मग पाण्यावर शिडं उभी असल्यासारख्या रांगाच. समोरच्या काठाशी एका पडलेल्या झाडाच्या सावलीत एक मासा ठरावीक वेळाने वर येत होता. तिसऱ्या फेकीला त्याने घेतली. ग्राफाइटवर मासा टोकात जाणवतो, इथे तो थेट तळहातात आला, काठी मुठीच्या बुचापर्यंत वाकली आणि त्याने मान झटकली की प्रत्येक झटका वेगळा कळत होता. रीळ ओरडलं. ब्राउन ट्राउट, माझ्या जाळ्याच्या खुणेला 13 इंच, पोट पिवळंधमक आणि बाजूला लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. पाण्यातच सोडला. पुढे दोन गमावले आणि एक छोटा मिळाला.

संध्याकाळी मधला जोड अडकला, निघेचना. पिळायचं नाही हे डोक्यात पक्कं होतं म्हणून मी लेकीला बोलावलं, ती 12 वर्षांची आहे. इथेच कुठेतरी वाचलेलं की दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने एक हात जोडाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला धरायचा म्हणजे ओढ सरळ राहते. तसं केलं, एक दोन तीन म्हटलं आणि पॉक. लेक म्हणते आता दर वेळी ती येणार.

घरी येऊन तुकडे पुसले, पिशवीतून काढून कपाटाच्या दांडीला रात्रभर उभे टांगले, मग नळीत.

आणि काल आजींना फोन केला. त्यांनी मासा किती इंची हे नंतर विचारलं, आधी विचारलं की टोक कुठलं लावलं होतंस, लांब की आखूड. मी म्हटलं लांब. थोडं थांबून म्हणाल्या, आखूड टोक माझ्या हातून झालं, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, गाडीचं दार मी लावलं आणि काठी मध्ये होती. तो एक शब्द बोलला नाही, वरची रिंग परत बसवून घेतली आणि त्यानंतर कायम तेच टोक वापरायचा, म्हणायचा मासे याच्यावरच लागतात.

तर आता माझा पुढचा प्रश्न. आखूड टोकावर तुकडा जोडून ते लांब करून घ्यायचा माझा विचार होता, तो मी सोडलाय. ते आहे तसंच लावून न्यायचंय, जूनमध्ये. तीन इंच गेल्यामुळे ते जरा ताठ लागतंय हाताला. त्याला लाइन कुठली घेऊ?

डेलावेअरकाठचा (पेनसिल्व्हेनिया)

7 नंबर, डबल टेपरच. सगळ्यात बारीक भाग गेल्यामुळे टोक ताठ झालंय, त्याला वाकवायला थोडं जास्त वजन लागेल. आधी अंगणात गवतावर दोन्ही लाइनी फेकून बघा, 6 वरही चालली तर उत्तमच. आणि नेण्याआधी वरच्या रिंगेच्या आत बोट फिरवा, खाच पडली असेल तर नवी लाइन कापली जाईल.